गोल, क्रूस आणि नसलेले अक्षर : तांब्याच्या एका किटलीची ओळख पटवताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण तांब्या-पितळेच्या एका जुन्या किटलीचे आहे. ती सध्याच्या मालकांकडे त्यांच्या आत्याकडून वारसाने आली होती, आणि अमेरिकेतील रॉयक्रॉफ्ट या हस्तकामासाठी नावाजलेल्या कार्यशाळेत ती घडली आहे, असे घरात ठामपणे मानले जात होते. या समजुतीला दोन आधार होते. तळावर एक लहान छाप होता, त्यात गोलावर उभा असलेला क्रूस दिसत होता. आणि किटलीचे बाहेरचे अंग मठारलेले होते, म्हणजे त्यावर हातोडीच्या ठोक्यांचे लहान लहान चपटे पैलू उमटलेले होते. मालकांनी ती लिलावात विकायचे ठरवले होते, वर्णनाचा मजकूरही लिहून ठेवला होता, आणि तो पाठवण्याआधी कोणीतरी एकदा वाचावा एवढ्यापुरतेच त्यांनी मला विचारले होते. म्हणजे माझ्याकडे किटली ओळखण्यासाठी आली नव्हती. ओळख आधीच झाली होती आणि तिच्यावर मान डोलावणे एवढेच माझे काम होते.

किटलीची उंची मुठीसह २४ सेंटिमीटर. अंग खाली रुंद आणि वर निमुळते, शंकूचा वरचा भाग कापून टाकावा तसे. तोटी सरळ, कोणताही वळसा नसलेली. खाली तीन टोकदार पितळी पाय, वर दोन उभ्या पितळी दांड्यांमध्ये बसवलेली काळ्या लाकडाची आडवी मूठ. नक्षी अशी कुठेच नाही. आतून कल्हई केलेली, पण बऱ्याच ठिकाणी उडालेली.

अडचण

गोल आणि क्रूस हे चिन्ह जुने आहे. राजसत्तेच्या प्रतीकात ते येते, आणि पंधराव्या शतकातील व्हेनिसच्या मुद्रकांच्या चिन्हांतही येते. न्यूयॉर्क राज्यातील ईस्ट ऑरोरा येथे एल्बर्ट हबर्ड यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या रॉयक्रॉफ्टने आपले चिन्ह याच परंपरेतून घेतले. त्यांच्या गोलाचे आडव्या रेषेने दोन भाग होतात, वरच्या भागात क्रुसाचा खांब उतरतो, क्रुसाला दोन आडवे दांडे असतात आणि गोलाच्या खालच्या अर्ध्या भागात रोमन ‘आर’ हे अक्षर असते. पुढच्या काळातील वस्तूंवर चिन्हाखाली ‘रॉयक्रॉफ्ट’ हा शब्दही दिसतो.

हेच चिन्ह, थोड्या फरकाने, लंडनच्या बेनहॅम अँड फ्राउड या तांबेकामाच्या कारखान्याचेही होते. त्यांचा छाप साध्या गोलाचा आणि एकाच आडव्या दांड्याच्या क्रुसाचा, अक्षर नाही. सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या घुमटावरील गोल आणि क्रूस यांच्याशी या छापाचा संबंध सांगितला जातो. स्वयंपाकघरातील तांब्याचे साचे गोळा करणाऱ्यांना हा छाप चांगला परिचित असतो, पण शोभेच्या तांबेकामाकडे रॉयक्रॉफ्टच्या वाटेने आलेल्या संग्राहकाला तो माहीत असेलच असे नाही. मालक याच दुसऱ्या वाटेने आल्या होत्या.

छाप झिजलेला नसता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण क्रुसाचा उजवा हात अर्धवट होता, वरचा दांडा एक की दोन हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नव्हते, आणि गोलाच्या खालच्या भागात खरोखरच एक तिरपी रेघ होती, जी ‘आर’चा पाय आहे असे मालकांचे म्हणणे होते. त्यांनी काढलेल्या छायाचित्रात मलाही ती तशीच दिसली, हे कबूल केले पाहिजे. अक्षर शोधायचे ठरवून पाहिले की ओरखड्यातही अक्षर सापडते.

त्यांचा आणखी एक युक्तिवाद होता, आणि तो वरवर पाहता चांगला होता. किटलीवर कोणत्याही देशाचे नाव नव्हते. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानुसार १८९१ पासून तेथे आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. म्हणून ‘इंग्लंड’ हा शब्द नसेल तर वस्तू अमेरिकेतच बनलेली असावी, असे त्या म्हणत. यात दोन शक्यता सुटल्या होत्या. वस्तू १८९१ पूर्वीची असू शकते, किंवा ती अमेरिकेत विक्रीसाठी गेलीच नसेल. देशाचे नाव असणे हा पुरावा आहे. ते नसणे हा फारच अशक्त पुरावा आहे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता मालकांचे वर्णन तसेच जाऊ देण्याचा. लिलावगृहातील जाणकार शेवटी तपासणारच, मग आपण कशाला मध्ये पडा, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. तो सोडला, कारण आधीच लिहिलेले वर्णन तपासणाऱ्याच्या नजरेलाही वळण लावते. ते माझ्या बाबतीत घडलेच होते.

दुसरा पर्याय धातूचे रासायनिक पृथक्करण करून घेण्याचा होता. क्ष-किरणांच्या साहाय्याने पृष्ठभागाला धक्का न लावता धातूतील घटक मोजता येतात, आणि मालक त्यासाठी खर्च करायला तयार होत्या. पण आपल्यापुढील प्रश्नाला त्यातून उत्तर मिळण्याची शक्यता कमी होती. तांबे विजेच्या साहाय्याने शुद्ध करण्याची पद्धत एल्किंग्टन यांच्या १८६५ च्या पेटंटनंतर व्यवहारात आली. त्यामुळे अतिशय शुद्ध तांबे आढळले तर वस्तू त्याआधीची नसावी एवढेच म्हणता आले असते. किटली दोघांपैकी कोणाचीही असली तरी तिचा आकार त्यानंतरच्याच काळातला होता. ज्या चाचणीचा कोणताही निकाल आला तरी आपला निर्णय बदलणार नाही, ती चाचणी करण्यात अर्थ नव्हता.

तिसरा पर्याय थेट उलट टोकाला जाण्याचा होता, आणि मोह सर्वांत जास्त त्याचाच होता. बेनहॅम अँड फ्राउडने एकोणिसाव्या शतकातील नामवंत ब्रिटिश रचनाकार ख्रिस्तोफर ड्रेसर यांच्या रचनांनुसार वस्तू बनवल्या, हे प्रसिद्ध आहे. सरळ तोटी, टोकदार पाय, नक्षीचा पूर्ण अभाव, काळी आडवी मूठ: ड्रेसर यांचे नाव जिभेवर यायला एवढे पुरेसे असते. रॉयक्रॉफ्टचे नाव काढून घेऊन त्याहून मोठे नाव हातात ठेवता आले असते तर मालकही आनंदाने तयार झाल्या असत्या.

चौथा पर्याय कंटाळवाणा होता. छाप काही काळ बाजूला ठेवायचा, वस्तू कशी घडवली आहे ते आधी पाहायचे, मग छापाकडे परत यायचे, आणि रचनाकाराचा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यायचा. तो निवडला.

प्रत्यक्ष तपासणी

तपासणीची सुरुवात किटलीच्या आतून केली. कल्हई उडालेल्या ठिकाणी भिंतीवर एकमेकांना समांतर अशा अतिशय बारीक वर्तुळाकार रेषा दिसल्या. लेथवर फिरणाऱ्या साच्यावर पत्रा दाबत नेऊन भांडे घडवले की अशा रेषा राहतात. म्हणजे अंग ठोकून वर आणलेले नव्हते. ते यंत्रावर घडले होते. यामुळे मठारकामाचा अर्थच बदलला. पत्र्यातून हातोडीने भांडे उठवताना शेवटच्या फेरीत पडणारे ठोके हे घडणीचा भाग असतात, तर लेथवर घडलेल्या भांड्यावरील ठोके हे सजावट म्हणून किंवा इतर काही हेतूने नंतर घातलेले असतात.

नंतर म्हणजे किती नंतर, हा पुढचा प्रश्न. कारखान्यातच मठारले असते तर आतून लोखंडी आधार देऊन काम झाले असते, आणि त्या आधारामुळे आतली बाजू बहुतांशी सपाट राहिली असती. येथे बाहेरच्या जवळजवळ प्रत्येक खळग्यामागे आत एक लहान उंचवटा होता आणि लेथच्या रेषा त्या उंचवट्यांवर वाकड्या झाल्या होत्या. आधार न देता, किंवा मऊ काहीतरी भरून, ठोकल्याचे हे लक्षण आहे.

निर्णायक गोष्ट मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाली. तीन पायांपैकी एक ढिला होता. त्याचे रिव्हेट सैल झाल्याने पायाची पट्टी केसभर बाजूला सरकत होती, आणि त्या फटीतून पट्टीखालचे तांबे दिसत होते. ते पूर्ण गुळगुळीत होते. ठोके पट्टीच्या कडेपर्यंत येऊन थांबत होते, तिच्याखाली जात नव्हते. म्हणजे पाय बसवल्यानंतर किटली मठारली गेली. कोणताही कारागीर पाय, तोटी आणि दांड्या जोडून झाल्यावर अंग मठारायला घेणार नाही. सुटे अंग हाताळणे कितीतरी सोपे असते.

आता छाप. तळावर तिरपा प्रकाश टाकून, दिवा दर वेळी ४५ अंशांनी फिरवत, आठ छायाचित्रे काढली. ठोकून उमटवलेल्या छापाची रेषा धातू दाबला गेल्यामुळे तळाशी गोलसर आणि कडांना मऊ असते. ओरखडा इंग्रजी ‘व्ही’सारखा टोकदार असतो आणि त्याच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते. गोल आणि क्रुसाचा खांब आठही छायाचित्रांत टिकले. ‘आर’चा तथाकथित पाय मात्र तीन छायाचित्रांत नाहीसा झाला आणि उरलेल्यांत त्याची एक कड धारदार चमकली. तो ओरखडा होता. वरचा दांडा एकच निघाला. क्रुसाचा उजवा हात झिजून अर्धवट झाला नव्हता. तळाच्या काठावर पडलेल्या हातोडीच्या एका ठोक्याने तो चपटा झाला होता. छाप आधी, ठोका नंतर. ढिल्या पायाने सांगितलेला क्रम छापानेही सांगितला.

लाकडी मुठीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिचा एक स्क्रू उघडपणे अलीकडचा होता. मूठ जुनी असावी, पण एकदा काढून परत बसवलेली.

रचनाकाराचा प्रश्न

छाप बेनहॅम अँड फ्राउडचा ठरला, तेव्हा ड्रेसर यांचा मुद्दा टाळता येणार नव्हता. १८३४ मध्ये ग्लासगोला जन्मलेले ड्रेसर वनस्पतिशास्त्र शिकलेले रचनाकार होते. १८७६–७७ मध्ये त्यांनी जपानचा दौरा केला, आणि १८८२ मध्ये त्या देशाच्या कला-कारागिरीवर पुस्तक लिहिले. यंत्रावर काढता येतील अशा साध्या आकारांना त्यांनी प्रतिष्ठा दिली. ओतण्याच्या भांड्यात तोटीची दिशा, मुठीची जागा आणि भांड्याचा गुरुत्वमध्य यांचा मेळ कसा असावा, हे त्यांनी १८७३ मध्येच रेषाकृती काढून मांडले होते. हौसेखातर मी किटलीच्या बाजूच्या छायाचित्रावर तशा रेषा काढून पाहिल्या. मेळ बरा जमतो. पण चांगल्या किटलीत तो जमायचाच, ती कोणीही बनवलेली असो. म्हणून त्याला पुरावा म्हणता येत नाही.

जपानी वळणाच्या वस्तूंची आवड इंग्लंडमध्ये १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनानंतर वाढत गेली आणि १८८० च्या दशकात ती अनेक कारखान्यांच्या मालात उतरली होती. तांबे आणि पितळ यांचा उघड मेळ घालणारे इंग्रज रचनाकार डब्ल्यू. ए. एस. बेन्सन यांचे कामही याच दशकात सुरू झाले. म्हणजे टोकदार पाय आणि सरळ तोटी पाहून ‘त्या काळाचे वळण’ एवढे खात्रीने सांगता येते, हात कोणाचा ते नाही. शैलीवरून माणसाचे नाव लावायचे तर वस्तूवर त्याची सही, रचनेची नोंद किंवा प्रसिद्ध झालेले रेखाचित्र यांपैकी काहीतरी हवे. ड्रेसर यांच्या काही वस्तूंवर त्यांच्या नावाचा ठसा असतो, येथे नव्हता.

नोंदणीचा ठसाही शोधला. ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या रचनेवर पत्त्यांतील चौकटसारख्या आकाराचे चिन्ह घालत. त्याच्या वरच्या टोकाला वर्तुळात वस्तूच्या प्रकाराचा क्रमांक असे, धातूच्या वस्तूंसाठी रोमन एक, आणि कोपऱ्यांतील अक्षरे-आकड्यांवरून नोंदणीची तारीख काढता येते. १८८४ पासून त्याऐवजी सरळ अनुक्रमांक सुरू झाले. असा ठसा मिळाला असता तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील नोंदवह्यांत रचना कोणी आणि कधी नोंदवली ते पाहता आले असते. तळ, टोपणाची आतली बाजू, मुठीच्या दांड्या, सगळे पाहिले, काही नव्हते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमच्या संग्रहातील ड्रेसर यांच्या धातूच्या वस्तूंची छायाचित्रेही लावून पाहिली. नाते दिसते, पण नेमकी जुळणारी वस्तू मिळाली नाही.

निर्णयाचे कठीण टप्पे

या प्रकरणात माझ्याकडून एक चूक झाली आणि ती अगदी सुरुवातीला झाली. पहिल्या छायाचित्रात छाप नीट दिसेना म्हणून मी मालकांना फोनवर सांगितले, “तळ जरा स्वच्छ करून पुन्हा फोटो पाठवा.” मी मऊ ब्रशने धूळ झटकणे मनात धरले होते, त्यांनी धातू चमकवण्याची पेस्ट लावून तळ घासला. छापाच्या रेषांत आणि ठोक्यांच्या खळग्यांत साठलेला काळा थर त्यात गेला. तो थर दोन्हीकडे सारखा होता की छापात जास्त आणि खळग्यांत कमी, हे पाहिले असते तर मठारकाम किती उशिराचे, याचा आणखी एक अंदाज मिळाला असता. तो कायमचा हातचा गेला. ‘स्वच्छ करणे’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो, हे मला माहीत असायला हवे होते.

दुसरा टप्पा मठारकामाविषयी काय लिहायचे, हा होता. कोणीतरी खरेदीदाराला फसवण्यासाठी यंत्राच्या भांड्याला हातकामाचे रूप दिले, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. पण अंगावर बारकाईने हात फिरवल्यावर तोटीच्या खाली एक मोठी, उथळ पोचलेली जागा जाणवली आणि ठोक्यांची दाटी नेमकी तेथेच सर्वाधिक होती. पोचा काढता आला नाही म्हणून कोणीतरी सगळेच अंग ठोकून तो लपवला, हे स्पष्टीकरण मला जास्त पटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मठारलेल्या तांब्याची आवड इतकी पसरलेली होती की असा उपाय कोणालाही देखणा वाटला असता.

तिसरा टप्पा दुसऱ्या जाणकाराच्या मताचा. मालकांच्या आग्रहावरून किटली आणखी एका अनुभवी व्यक्तीला दाखवली. छापाबद्दल त्यांचे आणि माझे एकमत झाले. मठारकामाबद्दल मात्र त्यांचे म्हणणे असे पडले की विक्रेत्याच्या मागणीनुसार तयार माल दुकानात जाण्याआधी मठारून दिला गेला असू शकतो, म्हणून ते ‘नंतरचे’ असले तरी फार नंतरचे असेलच असे नाही. मला आतले उंचवटे पाहता हे पटत नाही. सराईत कारखाना असे काम बाहेर जाऊ देणार नाही. पण त्यांचे मत खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याकडे उरला नव्हता, आणि तो का उरला नव्हता हे वर सांगितलेच आहे. म्हणून वर्णनात ‘बहुधा’ हा शब्द आला.

निष्पत्ती

मालकांना हे सांगताना बैठक सोपी झाली नाही. रॉयक्रॉफ्टचे नाव गेले याचे त्यांना फारसे वाईट वाटले नाही. आत्या चुकली होती, हे त्यांना बोचले. “मग ती इतकी वर्षे आम्हाला काय सांगत होती?” असे त्या म्हणाल्या. आत्याने गोल आणि क्रूस बरोबर पाहिले होते, जुळवणी तेवढी चुकीच्या पानाशी केली होती, हे मी त्यांना आठ छायाचित्रे समोर ठेवून दाखवले, तेव्हा त्या थोड्या शांत झाल्या.

अंतिम वर्णन असे ठरले: तांब्याची आणि पितळेची किटली, लेथवर घडवलेली, तळावर लंडनच्या बेनहॅम अँड फ्राउडचा छाप, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध; आकारात अँग्लो-जपानी वळण; रचनाकार अज्ञात; बाहेरील मठारकाम बहुधा उत्तरकालीन; मूठ पुन्हा बसवलेली; तळ अलीकडे पॉलिश केलेला. लिलावगृहाने ‘ड्रेसर यांच्या धर्तीवर’ हे शब्द घालण्याची सूचना केली. मालकांनी मला न विचारता ती नाकारली. किटली स्वयंपाकघरातील जुनी तांब्याची भांडी जमवणाऱ्या एका संग्राहकाकडे गेली, ज्यांना मठारकामाचे आकर्षण नव्हते आणि छापाचे होते.

पुन्हा करायचे झाले तर

छाप पाहण्याआधी वस्तू आतून पाहीन, आणि मालकाचे वर्णन वाचण्याआधी वस्तू पाहीन. स्वच्छतेविषयी फोनवर एक शब्दही बोलणार नाही. छायाचित्र अस्पष्ट असेल तर दिव्याची जागा बदलायला सांगेन. तसेच प्रत्येक ठसा, सांधा आणि ठोका यांपैकी आधी काय आणि मग काय, याची नोंद पहिल्याच दिवशी एका कागदावर मांडीन. या वेळी तो क्रम माझ्या टिपणांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता आणि तो एकत्र करेपर्यंत ढिल्या पायाचे महत्त्व माझ्या लक्षात आले नव्हते.

तो पाय मालक विक्रीआधी घट्ट करून घेणार होत्या. रिव्हेट आवळले असते तर पट्टीखालचे गुळगुळीत तांबे पुन्हा कोणालाही दिसले नसते. त्यांना तसे सांगितल्यावर त्यांनी पाय ढिलाच ठेवला, आणि वर्णनात तोही दोष म्हणून लिहिला.